पैकीच्या पैकी, पण कशापैकी?

‘परफेक्ट’ला मराठीत काय म्हणायचं, असं कुणीतरी विचारतं आणि तासाभरात दोन फळ्या उभ्या राहतात. पहिली म्हणते, घरात ‘परिपूर्ण’ असताना ही उसनवारी कशाला? दुसरी म्हणते, भाषा वाहती असते, परफेक्ट आता मराठीच झाला, कुरकुर थांबवा. मधेच कुणी ‘निर्दोष’ सुचवतं, कुणी ‘अचूक’, आणि एखादा हौशी संस्कृतच्या भट्टीतून अर्धा वीतभर लांबीचा नवा शब्द पाडून आणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या वादाला जरा जास्तच चढ आला आहे. गोव्यात तर त्याला वेगळी धार असते. इथं मराठीत लिहिणाऱ्याला आपली मराठी कुठल्याही पुणेकराइतकीच चोख आहे, हे दाखवून देण्याची घाई असते. त्यामुळे इथल्या लेखनात ‘परिपूर्ण’ जरा जास्तच पिकतं.

दोन्ही फळ्या एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात: परफेक्ट ही एक कल्पना आहे, तेव्हा तिला एक शब्द हवा, तो देशी की परदेशी एवढंच ठरवायचं. वाद फसतो तो इथंच. मराठीनं ही कल्पना एका शब्दात कधी ठेवलीच नाही. वस्तू ज्या दोषातून सुटली त्या दोषाचं नाव, किंवा ज्या हत्यारानं ती तपासली त्या हत्याराचं नाव, मराठी माणसाच्या शाबासकीतच असतं. बोलणं अस्खलित, म्हणजे कुठं अडखळलं नाही. दूध निर्भेळ, म्हणजे भेसळ नाही. युक्तिवाद बिनतोड, रफू बेमालूम, चारित्र्य निष्कलंक, औषध रामबाण. हे शब्द एकमेकांच्या जागी घालून पाहा. बेमालूम दूध? बिनतोड चारित्र्य? बसत नाहीत, कारण प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. ‘परफेक्ट’ मात्र सगळीकडे बसतो, आणि नेमकी तीच त्याची अडचण. त्याच्या जागी ‘परिपूर्ण’ आणलं तर एक सपाट शब्द जाऊन दुसरा सपाट शब्द येतो, फक्त सोवळं नेसून.

आधी ‘परिपूर्ण’ची तपासणी करू. त्याच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा व्युत्पत्तीचा दिला जातो, आणि तो खरा आहे. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा अर्थ ‘शेवटपर्यंत करणं, तडीस नेणं’. म्हणजे मुळात ‘परफेक्ट’ म्हणजे ‘पूर्ण’च. ज्या पिढीनं पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, पोर्तुगीज व्याकरण घोकलं तिला हे सांगायला नको. त्या व्याकरणात भूतकाळाचा एक प्रकार ‘पेर्फेइतु’, दुसरा ‘इंपेर्फेइतु’, आणि तिसऱ्याचं नाव ‘माइश क पेर्फेइतु’, शब्दशः ‘परफेक्टहून जास्त’. एक क्रिया घडण्याआधीच दुसरी संपून गेलेली असेल, तर त्या आधीच्या क्रियेसाठी हा काळ. यात निर्दोषपणाचा संबंध कुठं आला? आपणही ‘पूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतो, आणि ‘मी भात करपवला आहे’ हे वाक्य त्या काळाचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. क्रिया पूर्ण झाली, भाताचं वाटोळं झालं.

पण व्युत्पत्तीवर शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेनं शतकांपूर्वी निकालात काढली आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्यप्रकाशात लक्षणेचं (मुख्य अर्थ सोडून शब्दाचा दुसरा अर्थ घेण्याचं) उदाहरण म्हणून ‘कर्मणि कुशलः’ घेतलं: ‘कुशल’ म्हणजे मुळात हात न कापता कुश नावाचं धारदार गवत खुडून आणणारा, पुढं कोणत्याही कामात निपुण. साहित्यदर्पणकार विश्वनाथानं त्यावर हरकत घेतली. शब्द कसा घडला याचं कारण वेगळं आणि तो कशासाठी वापरला जातो याचं कारण वेगळं, असं त्याचं म्हणणं. व्युत्पत्तीचा अर्थच मुख्य धरला तर ‘गौः शेते’, म्हणजे ‘गाय झोपली आहे’, हे साधं वाक्यसुद्धा लाक्षणिक ठरेल, कारण ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ या धातूपासून आला आहे आणि झोपलेली गाय कुठं जात नाही! हाच न्याय इथं लावायचा. इंग्रजीत ‘परफेक्ट’ आज ‘जराही खोट नसलेला’ या अर्थी चालतो. मराठीत ‘परिपूर्ण’ आज कसा चालतो?

तो तृतीया विभक्ती मागतो. ‘जीवनसत्त्वांनी परिपूर्ण आहार’, ‘सोयींनी परिपूर्ण वसतिगृह’. कशानं तरी काठोकाठ भरलेलं, एवढाच त्याचा अर्थ. पसायदानातल्या ‘सर्वसुखीं पूर्ण होऊनि’मधला ‘पूर्ण’ही असाच भरलेला आहे. म्हणून ‘चुकांनी परिपूर्ण उत्तरपत्रिका’ हे वाक्य मराठीत बिनदिक्कत चालतं. ज्या शब्दाच्या पोटात चुकासुद्धा सुखानं मावतात, तो निर्दोषपणाचा वाहक कसा होणार? आणि साधा ‘पूर्ण’ तर कचेरीनं केव्हाच ताब्यात घेतला आहे. ‘काम पूर्ण’ असा फलक लागलेल्या रस्त्यावर पहिल्या पावसात काय होतं, ते फोंड्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मंजूर नकाशाशी जुळणी बघतो. भिंत सरळ आहे की नाही हे त्यातून कळत नाही. पूर्ण म्हणजे संपलं. चांगलं झालं की नाही, हा वेगळा प्रश्न.

तो प्रश्न सोडवायला मेस्त्री लागतो. चिऱ्याची भिंत उभी राहिल्यावर मेस्त्री ‘परफेक्ट’ही म्हणत नाही आणि ‘परिपूर्ण’ तर नाहीच. तो म्हणतो, भिंत ओळंब्यात आहे. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, आणि दोरीच्या वरच्या टोकाला एक ठोकळा, ज्याची रुंदी वजनाच्या व्यासाएवढीच असते. ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवून वजन खाली सोडलं की ते पायथ्याला अलगद, जेमतेम शिवलं पाहिजे. खाली फट राहिली तर भिंतीचा माथा बाहेर झुकला आहे. वजन भिंतीवर रेलून राहिलं तर माथा आत गेला आहे. मधेच भिंत फुगली असेल तर ‘पोट आलं’ म्हणतात. वारा असला की वजन हेलकावे खातं, म्हणून ते स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. घाईतला ओळंबा खोटं बोलतो. एवढी सगळी प्रक्रिया ‘ओळंब्यात’ या एका शब्दात आहे, आणि तो शब्द ज्याला कळतो त्याला भिंत स्वतः तपासता येते.

पण ओळंब्यातली भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेलच असं नाही. बारा फूट बाय नऊ फुटांची खोली घ्या. समोरासमोरच्या बाजू मापात, चारही भिंती ओळंब्यात, तरी खोली किंचित तिरकी असू शकते. त्याची परीक्षा कर्णावर होते. तीन-चार-पाचच्या हिशेबानं बारा आणि नऊचा कर्ण बरोबर पंधरा फूट यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे. एक पंधरा फूट दोन इंच आणि दुसरा चौदा फूट दहा इंच निघाला, तर खोली गुण्यात नाही. गिलावा झाल्यावर हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते फरशी बसवताना, जेव्हा भिंतीलगतच्या शेवटच्या रांगेत प्रत्येक फरशी पाचरीसारखी कापावी लागते. तोवर मेस्त्री पैसे घेऊन दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

तिसरी गोष्ट पाणसळ. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं (राहिला तर दोन टोकांची पातळी चुकीची दिसते), आणि दोन भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा करायच्या. बैठकीच्या खोलीची जमीन पाणसळीत हवी. न्हाणीघराची नको! तिथं दर पाच फुटांना साधारण इंचभर ढाळ मोरीकडे द्यावा लागतो. गच्चीचंही तेच. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो अशा गोव्यात तंतोतंत सपाट गच्ची म्हणजे पुढल्या आषाढात छतावर ओल ठरलेली. तेव्हा ‘परफेक्ट लेव्हल’ हा बैठकीत गुण आणि न्हाणीघरात दोष. कसोटीचं नाव घेतल्याशिवाय शाबासकीला अर्थ कसा येणार? कंत्राटदार जेव्हा गिऱ्हाइकाला ‘एकदम परफेक्ट काम केलंय’ सांगतो, तेव्हा ओळंबा, गुण्या आणि पाणसळ या तिन्ही प्रश्नांना एकदम बगल दिलेली असते.

यावर हरकत येते, आणि ती वजनदार आहे: हे सगळे शब्द कारागिरांचे. शहरातल्या सदनिकेत वाढलेल्या मुलीनं ओळंबा कधी बघितलाच नाही, तर तिनं तो शब्द का वापरावा? काम गेलं की शब्द जातो, यात दुःख कसलं? यातलं अर्धं मान्य करायलाच हवं. काही शब्द गेलेलेच बरे. लग्नाच्या जाहिरातीतला ‘निर्व्यंग’ हा त्यातला एक. माणसाला बाजारातल्या भांड्यासारखं वाजवून घेणारा तो शब्द जपून ठेवण्यासारखा नाही. पण उरलेलं अर्धं पटत नाही. त्या मुलीनं भिंत बांधली नसेल, पैसे तर तीच मोजणार आहे. कामाचे शब्द जितके काम करणाऱ्याचे, तितकेच काम करवून घेणाऱ्याचेही. ते हातातून सुटले की गिऱ्हाइकाकडे उरतं काय? ‘काहीतरी बरोबर वाटत नाही हो’ एवढंच. त्यावर समोरचा म्हणतो, ‘बाई, परफेक्ट आहे’, आणि बोलणं तिथंच संपतं.

स्वयंपाकघरात गंमत अशी की विशेषणंसुद्धा मागं पडतात आणि सगळा कारभार क्रियापदं बघतात. पाक येतो, लोणचं मुरतं, दही लागतं, रंग चढतो, गाणं रंगतं, अंदाज बसतो, हात बसतो, आणि सगळं मिळून काम जमतं. दोदोल ‘झाला’ हे कशावरून ठरतं? गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ घोटता घोटता गोळा भांड्याच्या कडा सोडायला लागतो आणि अंगचं तेल बाहेर टाकतो, तेव्हा तो ‘सुटला’. त्याआधी उतरवला तर थापल्यावर वडी धरत नाही, उशीर झाला तर चिवट होतो. बेबिंकचं तंत्र उलटं. मैदा, नारळाचा रस, अंड्यातला बलक, साखर आणि जायफळ यांचं पातळ मिश्रण, आणि आच वरून. एक थर धरून तांबूस झाल्यावरच चमचाभर तूप सोडून दुसरा ओतायचा. घाई केली तर दोन थर एकमेकांत विरघळतात आणि सात थरांऐवजी एक जाड वडी हाती येते. रव्याच्या लाडवांना पाक एकतारी हवा. कमी पडला तर लाडू वळत नाहीत, पुढं गेला तर दगड होतात. इथं दोष ‘असणं’ किंवा ‘नसणं’ हा मुद्दाच नाही. एक क्षण आहे, तो गाठायचा. एका नामानं तो धरता येत नाही. ‘परिपूर्ण पाक’ असं लिहिणाऱ्यानं पाक एकतारी की दोनतारी ते सांगितलेलं नसतं, म्हणजेच काहीच सांगितलेलं नसतं.

आकड्यांच्या राज्यात तरी एकच माप असेल? तिथंही मराठी आधी विचारते, कशापैकी. ‘पैकीच्या पैकी गुण’ या शब्दप्रयोगाइतका प्रामाणिक शब्द दुसऱ्या भाषेत शोधून सापडेल की नाही, शंका आहे. एकूण किती होते हे त्यात गृहीतच आहे. ‘सोळा आणे खरं’ म्हणजे रुपयातले सोळाच्या सोळा. आणे १९५७ च्या दशमान पद्धतीबरोबर व्यवहारातून गेले, आणि गोव्यात तर आणे नव्हतेच; पोर्तुगीज रुपयाचे सोळा टांगे होते, १९५८ साली एस्कुदो येईपर्यंत. म्हण मात्र दोन्ही नाण्यांना पुरून उरली. ‘बावनकशी’ कसोटीच्या दगडावरचा कस सांगतो. आजचा सराफ कॅरट सांगतो: चोवीसपैकी बावीस, म्हणजे हजारांत ९१६. आणि इथंच शुद्धतेच्या भक्तांसाठी एक अडचण आहे. चोवीस कॅरटचं सोनं सगळ्यात शुद्ध, पण इतकं मऊ की दागिना वाकतो, खड्याची पकड सैल होते. म्हणून मंगळसूत्राला बावीस. तांब्या-चांदीची भेसळ हा सोन्याच्या दृष्टीनं दोष, दागिन्याच्या दृष्टीनं गरज. मग परफेक्ट कुठलं?

विज्ञानाचं काय, असं कुणी विचारेल. शास्त्राला तरी एक नेमका प्रतिशब्द लागणारच ना? लागतो, पण एक नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी हे काम फार शहाणपणानं केलं आहे आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. गणितातला परफेक्ट स्क्वेअर म्हणजे ‘पूर्ण वर्ग’. अर्थशास्त्रातली परफेक्ट कॉम्पिटिशन म्हणजे ‘पूर्ण स्पर्धा’. परफेक्ट गॅस मात्र ‘आदर्श वायू’, कारण तसा वायू प्रत्यक्षात नसतोच. आणि ६, २८, ४९६ यांसारख्या संख्या, ज्यांच्या स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तीच संख्या येते (१+२+३=६), त्यांना ‘परिपूर्ण संख्या’ म्हणावं लागलं, कारण ‘पूर्ण संख्या’ हे नाव आधीच वेगळ्या संख्यांना दिलेलं होतं. इथं ‘परिपूर्ण’ आपल्या जागी शोभतो: संख्येच्या पोटात तिचे तुकडे बरोबर भरतात, ना कमी ना जास्त. इंग्रजीतल्या एका शब्दाला मराठीनं चार जागी तीन शब्द दिले आणि कुणाचं काही अडलं नाही. यंत्रशाळेत तर परफेक्ट माप ही कल्पनाच बाद आहे. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच-सात अशी खूण असेल, तर ते २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान कुठंही चालतं. नुसतं ‘२५’ लिहून पाठवलं तर खरादावरचा माणूस विचारतो, किती इकडंतिकडं चालेल? किती चालेल हे माहीत असलेलाच काम देऊ शकतो आणि घेऊ शकतो.

आता दुसऱ्या फळीकडे वळू. परफेक्ट मराठीत रुजला आहे, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि परक्या शब्दांनी भाषा बाटते असं मानायचं कारण गोव्यात तरी कुणाला नसावं. बटाटा, साबण, चावी, पगार, घमेलं हे पोर्तुगीजांकडून आले. वर ज्याचं इतकं कौतुक केलं तो मेस्त्रीसुद्धा पोर्तुगीज ‘मेश्त्र’ आहे. ओळंबा आपला, तो धरणारा उसना. इथल्या घरांत अजून जनेल उघडतात आणि कदेल ओढून बसतात. पण उसनवारीचा एक कल लक्षात घ्या: वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आलं. साडेचारशे वर्षांच्या राजवटीत ‘पेर्फेइतु’ मात्र मराठीत रुजला नाही, कारण बरं-वाईट ठरवण्याचं काम आपल्या शब्दांनी आधीच वाटून घेतलं होतं. आज तो शब्द इंग्रजीतून सहज शिरतो, याचा अर्थ ती वाटणी विस्कटली आहे. भाषा वाहते म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की या एका शब्दापाठोपाठ चपखल, नेटका, घोटीव, रेखीव, बिनचूक, यथासांग असे डझनभर शब्द बोलण्यातून मागं सरकत आहेत. एक येऊन बारा जाणार असतील तर त्याला भर कशी म्हणायची?

प्रतिशब्दवाल्यांचा इतिहासाचा दाखलाही तपासावा लागेल. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला. सावरकरांनी दिनांक आणि महापौर दिले, ते टिकले. मग परफेक्टला प्रतिशब्द का टिकणार नाही? दाखला चांगला आहे, पण तो ज्या गोष्टीचा आहे ती निराळी. अमात्य हे एक पद आहे, दिनांक म्हणजे पंचांगातला एक दिवस. एका खुंटीवरचं नाव काढून त्याच खुंटीवर दुसरं टांगता येतं. परफेक्टला खुंटीच नाही. तो कधी भिंतीवर, कधी पाकावर, कधी सुरावर बसतो. आणि जिथं लोकांना आपला शब्द पुरेसा नेमका वाटला, तिथं कोशानं सुचवलेलं संस्कृत त्यांनी बाजूला ठेवलंच. किल्ला आणि तोफ अजून फारसी-तुर्की वेशातच आहेत.

सुराचं उदाहरण इथं घ्यायलाच हवं, कारण शुद्धतेचा आग्रह चुकीच्या मापानं धरला की काय होतं ते त्यात दिसतं. हार्मोनियमची पट्टी सप्तकाचे बारा सारखे भाग पाडते. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जुळलेल्या, जवारी लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पाचास चार या प्रमाणाचा, साधारण ३८६ सेंटवर. फरक चौदा सेंटचा, अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. शिकलेल्या कानाला तो खटकतो. म्हणजे यंत्रावर तपासलेली, कारखान्यातून ‘परफेक्ट ट्यूनिंग’ होऊन आलेली पेटी तंबोऱ्याशेजारी चढी वाजते. सूर बिघडवणारी आणि मींड न घेता येणारी म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही मैफली पेटीवरच चालल्या, कारण वादकाला कुठला सूर किती हलका ठेवायचा आणि कुठं गप्प बसायचं हे ठाऊक होतं. पेटी ना परफेक्ट होती ना टाकाऊ. ती साथीला जमत होती. संगीतानं आपल्या थोरांना दिलेल्या पदव्याही पाहा: तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर ‘लयब्रह्मभास्कर’, गायिका केसरबाई केरकर ‘सूरश्री’. एकाच मातीतले दोन दिग्गज, पण एकाच्या पदवीत लय, दुसरीच्या पदवीत सूर. कशात थोर, हे सांगितल्याशिवाय पदवी पुरी होत नव्हती.

इंग्रजी जगालाही हे कळायला वेळ लागला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला असमान दांड्यांवर दहापैकी दहा मिळाले आणि फलकावर आकडा उमटला १.००, कारण यंत्रात दहा दाखवायची सोयच नव्हती. ‘परफेक्ट टेन’ हा शब्द तिथून जगभर गेला. पण पुढं खेळाडू सोप्या कसरती सफाईदार करून दहा मिळवणार की अवघड कसरतींना हात घालणार, हा गुंता झाला, आणि २००६ साली जिम्नॅस्टिक्सनं तो दहा मोडीत काढला. आता अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. ज्या खेळानं परफेक्टचा आकडा जगाला दिला, त्यालाच शेवटी विचारावं लागलं: परफेक्ट, पण कशात?

एक हरकत उरते, आणि ती सगळ्यात खोल आहे. अध्यात्माला, नीतीला, माणसाच्या घडणीला तरी एक सर्वव्यापी शब्द नको का? तिथं ‘पूर्णत्व’ आहे आणि ते राहो. पण ते पूर्णत्व उणेपणा उरला नाही असं सांगतं, चूक होत नाही असं नव्हे. चुकीबद्दल आपल्या व्यवहाराची समजूत फार निराळी होती. बिनचूक हिशेबाखालीसुद्धा जुना कारकून ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायचा. बाळ देखणं निघालं की आई गालावर काजळाची तीट लावते. निर्दोषाला दृष्ट लागते म्हणून दोष हातानं करायचा. या दोन सवयी असलेल्या भाषेला ‘परफेक्शनिस्ट’ हा शब्द कौतुकाचा वाटावा, हे जरा नवलच.

मग लिहिणाऱ्यानं करायचं काय? विशेषतः जो दिवसभर जाहिराती आणि सूचनापत्रकं मराठीत आणतो, त्यानं? ‘परफेक्ट’ समोर आला की कोशाकडे न धावता ‘कशात?’ असं विचारावं. उत्तर मिळालं की शब्द बहुधा आपोआप सापडतो. ‘परफेक्ट फिट’ चपखल किंवा अंगासरशी. ‘परफेक्ट टायमिंग’ ऐन वेळ. ‘परफेक्ट कॉपी’ हुबेहूब. ‘परफेक्ट इंग्लिश’ अस्खलित की बिनचूक, ते बोलण्याबद्दल आहे की लिहिण्याबद्दल यावर. ‘परफेक्ट अटेंडन्स’ एकही खाडा नाही. ‘परफेक्ट रिसिट्स’ ठेवणाऱ्याचा व्यवहार चोख, आणि या शेवटच्या शब्दाला गोव्यात वंशावळही आहे: राशोल इथं १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सनं मराठीची थोरवी सांगताना ‘तैसी भासांमाजी चोखळा भाषा मराठी’ असं म्हटलं. लॅटिन येणारा, इंग्लंडात जन्मलेला तो माणूस. ‘पेर्फेक्तुस’ त्याच्या जिभेवर तयार असणार. त्यानं निवडला तो घासूनपुसून स्वच्छ केलेल्या वस्तूचा शब्द.

आणि ‘कशात?’ला उत्तरच मिळालं नाही तर? फोटो काढून झाल्यावर ‘परफेक्ट!’ म्हणणाऱ्यानं काही मोजलेलं नसतं, त्याला फक्त बरं वाटलेलं असतं. तिथं परफेक्ट तसाच ठेवावा. तिथं ‘परिपूर्ण’ घातलं तर फोटोतली माणसं हसतील.